तीन मिनिटांचा प्रबंध

तीन मिनिटांचा प्रबंध (थ्री मिनिट थीसिस) : पीएच.डी.साठी संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपला विषय त्यातल्या जाणकारांना नव्हे, तर सामान्य श्रोत्यांना समजावून सांगण्याची स्पर्धा. हाताशी एकच स्थिर चित्र आणि वेळ जास्तीत जास्त तीन मिनिटे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने ती २००८ मध्ये ब्रिस्बेन येथे सुरू केली आणि २०२० पासून ती चित्रफितीच्या रूपातही होऊ लागली. स्पर्धा सर्व विद्याशाखांना खुली आहे. पर्यावरण-इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तिच्याकडे दोन कारणांसाठी पाहायला हवे. तिची वेळमर्यादा एका दुष्काळाने ठरवली. आणि शतकांच्या हिशेबाने बोलणारा हा विषय एवढ्या थोड्या वेळात मांडू गेले, की इतिहासलेखनातला एक अवघड प्रश्न टाळता येत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे २००९ पर्यंत आग्नेय ऑस्ट्रेलियाने जे दीर्घ अवर्षण सोसले, त्याला तिकडे ‘मिलेनियम ड्रॉट’ म्हणतात. ब्रिस्बेन परिसराला त्याची खरी झळ २००१ नंतर लागली. वायव्हनहो, सॉमरसेट आणि नॉर्थ पाइन ही शहराला पाणी पुरवणारी तीन मुख्य धरणे. त्यांचा एकत्रित साठा ऑगस्ट २००७ मध्ये १७ टक्क्यांच्याही खाली गेला. बागेला नळीने पाणी घालण्यावर, गाड्या धुण्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आले. माणशी रोज १४० लिटर हे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आणि त्याची मोहीम घरोघरी पोचवली. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्यासाठी जलवाहिन्यांचे मोठे जाळे उभारले गेले, गोल्ड कोस्टजवळ टुगन येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प झाला. जवळच्याच टुवुंबा शहरात २००६ मध्ये शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळावे का, यावर मतदान घेतले गेले. सुमारे ६२ टक्के मतदारांनी नकार दिला. गळ्याशी आलेल्या टंचाईतही माणसे पाण्याकडे केवळ लिटरच्या मापाने पाहत नाहीत, हे त्या मतदानाने दाखवले. क्वीन्सलँडच्या जलधोरणावर बोलताना आजही त्याचा दाखला दिला जातो.

अंघोळ लवकर उरकावी, असे आवाहन त्या काळात सतत होत होते. अंडे उकडताना लावायचे तीन मिनिटांचे घड्याळ कित्येकांनी न्हाणीघराच्या भिंतीवर बसवून घेतले होते. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पदव्युत्तर संशोधन विभागाचे तेव्हाचे अधिष्ठाता ॲलन लॉसन यांना त्या घड्याळावरून ही स्पर्धा सुचली, असे विद्यापीठ स्वतःच सांगते. २००८ च्या पहिल्या स्पर्धेत १६० संशोधक उतरले. पुढे अवर्षण सरले आणि जानेवारी २०११ मध्ये ब्रिस्बेन नदीला महापूर आला. वायव्हनहो धरण १९७४ च्या पुरानंतर बांधलेले. पाणी साठवणे आणि पूर अडवणे अशी दोन्ही कामे त्याच्याकडे. पहिल्या कामासाठी धरण भरलेले हवे, दुसऱ्यासाठी रिकामे. या पुरात पाणी कधी आणि किती सोडायला हवे होते, यावरून न्यायालयीन लढाई वर्षानुवर्षे चालली. स्पर्धेच्या जन्मकथेत हा पूर सहसा येत नाही. पर्यावरण-इतिहासाच्या दृष्टीने तो वगळणे योग्य नाही, कारण अवर्षण आणि महापूर ही त्या खोऱ्याच्या एकाच स्वभावाची दोन रूपे आहेत.

स्पर्धेचा प्रसार वेगाने झाला. २००९ मध्ये इतर विद्यापीठांनी ती स्वीकारली, २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील विद्यापीठांची एकत्रित अंतिम फेरी झाली, आणि आज ८५ हून अधिक देशांतील ९०० हून अधिक विद्यापीठांत ती होते.

नियम थोडे आणि कडक आहेत. चित्र एकच, तेही न हलणारे. त्यात सरकणारी अक्षरे चालत नाहीत. ध्वनिफीत, चलच्चित्र, वेशभूषा, वाद्य, प्रयोगशाळेतले उपकरण यांना मनाई. बोलणे गद्यातच हवे. कविता किंवा गाणे चालत नाही. स्पर्धकाने पहिला शब्द उच्चारला किंवा पहिली हालचाल केली, की वेळ सुरू होते आणि तीन मिनिटांवर एक क्षण गेला तरी तो बाद होतो. परीक्षक विषयाचे आकलन व आशय आणि श्रोत्यांशी साधलेला संवाद या दोन बाजू पाहतात. संशोधन उथळ किंवा ढोबळ तर करून टाकले नाही ना, हेही त्यांना विचारात घ्यावे लागते. या स्पर्धेवर सवंगपणाचा आक्षेप घेणाऱ्यांनी हा निकष लक्षात घ्यावा. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला सुमारे नऊ तास लागतील, असा हिशेब आयोजक मांडतात. एवढ्यातून तीन मिनिटे निवडायची म्हणजे काय सोडायचे हे ठरवायचे, आणि ते ठरवायला विषय पुरता कळलेला असावा लागतो.

कोविडच्या साथीत सभागृहे बंद झाली तेव्हा, २०२० मध्ये, चित्रफितीची स्पर्धा सुरू झाली. कॅमेरा आडवा आणि एकाच जागी, मागे साधी भिंत, बोलणे सलग, मध्ये कापाकापी नाही. चित्रीकरणाच्या दर्जाला गुण नाहीत. त्यामुळे साध्या मोबाइलवर केलेली चित्रफीत आणि स्टुडिओत केलेली चित्रफीत परीक्षकांपुढे सारख्याच ठरतात. लघुपट-स्पर्धेपासून हा प्रकार इथेच वेगळा होतो. प्रत्यक्ष स्पर्धेतला श्रोत्यांचा प्रतिसाद त्यात नसतो, ही उणीव आहेच. पण दूर असलेल्या संशोधकाला प्रवासाशिवाय भाग घेता येतो.

पर्यावरण-इतिहास ही माणूस आणि निसर्ग यांच्या परस्परसंबंधांचा काळाच्या ओघात अभ्यास करणारी ज्ञानशाखा. अमेरिकेत तिची विद्वत्सभा १९७७ मध्ये स्थापन झाली. भारतात रामचंद्र गुहा यांचे हिमालयातील वनसंघर्षावरचे पुस्तक १९८९ मध्ये, तर पुण्यात वाढलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी गुहांसोबत लिहिलेला भारताचा पर्यावरण-इतिहास १९९२ मध्ये आला. या शाखेतले बदल संथ असतात. जंगल विरळ होते, माती वाहून जाते, नदी पात्र बदलते, आणि हे घडायला पिढ्या जातात. ते तीन मिनिटांत सांगायचे तर गोष्ट कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची, हाच मुख्य निर्णय होतो.

अमेरिकी इतिहासकार विल्यम क्रोनन यांनी १९९२ च्या एका निबंधात नेमके यावर बोट ठेवले. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त केली. त्यावर १९७९ मध्ये दोन पुस्तके निघाली. पॉल बॉनिफील्ड यांनी संकटाशी झुंजून टिकलेल्या माणसांची कथा लिहिली. डोनाल्ड वूर्स्टर यांनी त्याच घटनांतून नफ्यासाठी माळरान नांगरणाऱ्या शेतीव्यवस्थेचे अपयश दाखवले. घटना जवळपास सारख्या, निष्कर्ष विरुद्ध. हा फरक कथेच्या रचनेतून येतो, असे क्रोनन दाखवतात. निसर्गाचे निर्बंध आणि समोरचे पुरावे लेखकाला वाटेल ते लिहू देत नाहीत, हेही ते तितक्याच ठामपणे मांडतात.

याचेच आपल्याकडचे उदाहरण हिमालयातील ‘चिपको’ आंदोलनाचे. गोष्ट १९७३ च्या मंडल गावापासून सुरू केली, तर ती झाडे वाचवणाऱ्यांची गोष्ट होते आणि श्रोत्यांना लगेच भावते. गुहांनी ती ब्रिटिशांच्या वनकायद्यांपासून, विशेषतः १८७८ च्या कायद्यापासून आणि १९२१ च्या कुमाऊँतील आंदोलनापासून सुरू केली. मग ‘चिपको’ ही जंगलावरचा हक्क हिरावून घेतलेल्या शेतकऱ्यांच्या दीर्घ लढ्याची पुढची पायरी ठरते. तीन मिनिटांत सांगायला पहिली मांडणी सोपी आणि दुसरी अवघड. पण संशोधनाचे मोल दुसरीत आहे, आणि स्पर्धकाने वेळ तिच्यासाठीच राखावा.

एका स्थिर चित्राची अटही या विषयाला अडचणीची आहे, कारण बदल दाखवायला निदान दोन काळ लागतात. जुना आणि नवा नकाशा किंवा एकाच जागेवरून वेगवेगळ्या वर्षी काढलेली छायाचित्रे एका चौकटीत शेजारी ठेवता येतात. त्या दोहोंच्या मधली वर्षे, कर, कायदे, दुष्काळ, माणसांची ये-जा, यांतले काहीच चित्रात दिसत नाही. ते सगळे बोलण्यातूनच सांगावे लागते.