वर्गणीवर उभ्या राहिलेल्या शाळा : निजाम राज्यातील मराठी शिक्षणाची वाटचाल

निजामाच्या हैदराबाद संस्थानात 16 जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती. 1884 च्या सुमारास ती जागा उर्दूने घेतली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत घरात, शेतात आणि आठवडी बाजारात मराठी चाले. मात्र तहसील कचेरीची पायरी चढली की अर्ज उर्दूत, हुकूम उर्दूत आणि फिर्यादही उर्दूत. सरकारी शाळा संख्येने थोड्या होत्या आणि ज्या होत्या त्यांतल्या वरच्या इयत्ता उर्दूतून शिकवल्या जात. खेड्यातला मुलगा अक्षरओळख होईपर्यंत मातृभाषेत शिके, पुढे भाषा बदले आणि बहुतेकांची शाळा तिथेच संपे. तिजोरीच्या बाबतीत हे संस्थान हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत संस्थानांपैकी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढची हकीकत नीट उमगते. मराठी माध्यमाच्या माध्यमिक शिक्षणाचा पाया इथे सरकारी अंदाजपत्रकाने घातला नाही. तो वर्गणीच्या वहीने घातला.

त्या वहीचे पहिले मोठे पान 1907 सालचे आहे. त्या वर्षी हैदराबाद शहरात विवेक वर्धिनी पाठशाळा सुरू झाली. तिच्यामागे उभ्या राहिलेल्या मंडळींत केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक ही नावे अग्रभागी येतात. केशवरावांचा जन्म 1867 सालचा, परभणी जिल्ह्यातला. गुलबर्ग्यात वकिली सुरू करून ते हैदराबादेत आले, नामांकित वकील झाले आणि पुढे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचले. आर्य समाजाच्या आणि समाजसुधारणेच्या कामातही ते आघाडीवर होते. वामनराव नाईक जहागीरदार घराण्यातले. सार्वजनिक कामासाठी त्यांचा हात नेहमी सैल असे. वेदांचे भाष्यकार म्हणून पुढे महाराष्ट्राला परिचित झालेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर त्या काळी हैदराबादेत चित्रकार म्हणून व्यवसाय करीत. शाळेच्या पायाभरणीत त्यांचाही हात होता. केशवरावांसारख्या वकील मंडळींची मिळकत उर्दू चालणाऱ्या न्यायालयांतली होती आणि तिचा एक हिस्सा मराठी शाळेच्या खर्चासाठी येत होता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी अशी आहे. उर्दूशी त्यांचे वैर नव्हते. आपल्या मुलांना आपल्या भाषेतून शिकता यावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

त्याच 1907 साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालय सुरू झाले. गुलबर्गा कानडी जिल्ह्यात मोडत असला तरी त्या शहरात मराठी वस्ती मोठी होती.

हैदराबादेत शाळा निघाली आणि दुसऱ्याच वर्षी त्या शहरावर अस्मानी कोसळली. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे दगावली, नदीकाठचे मोहल्ले धुऊन गेले. वर्गणी द्यायची तीच घरे त्या वर्षी स्वतः मदतीच्या रांगेत उभी होती. अशा काळात दोन वर्षांचीही न झालेली खाजगी शाळा बंद पडली असती तरी कोणी दोष दिला नसता. विवेक वर्धिनी बंद पडली नाही.

पैशाचा हिशेबही सरळ नव्हता. संस्थानचे नाणे स्वतंत्र, हाली सिक्क्याचे. इंग्रजी मुलखात चालणाऱ्या रुपयाला लोक कलदार म्हणत आणि साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव पडे. वर्गणी जमायची हालीत. पण मराठी क्रमिक पुस्तके, नकाशे आणि मासिके पुण्या-मुंबईहून मागवायची तर बिल चुकवायचे कलदारात. म्हणजे जमलेल्या दर सात रुपयांतला एक रुपया सरहद्द ओलांडतानाच गळून जाई. वर्षही वेगळे होते. सरकारी कागदोपत्री फसली सन चाले, त्यामुळे 1907 साल तिथे 1316-17 फसली असे नोंदले जाई.

हैदराबादेत जे घडले त्याचे पडसाद जिल्ह्याच्या गावांतही उमटले. 1915 साली औरंगाबादेत सरस्वती भुवन उभे राहिले आणि दोनच वर्षांत तिथे मुलींसाठी शारदा मंदिर सुरू झाले. मुलींची शाळा ही त्या काळी वर्गणीदारांच्याही धीराची कसोटी होती. मुलाच्या शाळेला हसतमुखाने पैसे देणारे गृहस्थ मुलीच्या शाळेचे नाव निघताच पानसुपारीकडे वळत. तरीही ती शाळा टिकली आणि वाढली. दोन्ही संस्था आजही चालू आहेत आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांनी पुढे अनेक वर्षे सरस्वती भुवनची धुरा वाहिली.

1918 साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. विज्ञान, कायदा, वैद्यक असे सर्व विषय हिंदुस्थानी भाषेतून शिकवणारे ते देशातले पहिले आधुनिक विद्यापीठ. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग काढून शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. हा प्रयोग थोर होता, हे निःशंकपणे म्हणायला हवे. परंतु ज्या तत्त्वावर तो उभा होता, त्या तत्त्वाचा लाभ राज्यातल्या बहुसंख्य प्रजेच्या भाषांना मिळाला नाही. राज्यात सुमारे निम्मे लोक तेलुगू आणि पाव लोक मराठी बोलणारे होते. मराठी किंवा तेलुगू माध्यमातून वर चढत आलेल्या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठाचे दार उघडे नव्हते. खाजगी शाळांच्या चालकांपुढे आता पैशापेक्षाही मोठा प्रश्न उभा राहिला, तो मान्यतेचा.

1921 सालच्या नोव्हेंबरात विवेक वर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्य सामाजिक परिषदेचे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. या अधिवेशनात वकील आलमपल्ली व्यंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा सभेतल्या काहींनी त्यांची टर उडवली आणि त्यांना बोलू दिले नाही. उर्दूच्या वर्चस्वाखाली मराठीची कुचंबणा होते म्हणून ज्यांनी शाळा काढल्या, त्यांच्याच सभागृहात तेलुगूचा हा अपमान झाला. ही नोंद संस्थेच्या वाटचालीतून वगळता येणार नाही. अपमानित झालेल्या तेलुगू मंडळींनी लगेच एकत्र येऊन आंध्र जनसंघाची स्थापना केली आणि त्यातूनच पुढे तेलंगणातील ग्रंथालये, शाळा आणि आंध्र महासभा यांची मोठी चळवळ उभी राहिली. त्या चळवळीचे एक धुरीण माडपाटी हनुमंतराव यांनी 1928 साली हैदराबादेत तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा काढली. उस्मानिया विद्यापीठ तेलुगू माध्यमाला मान्यता देईना. तेव्हा त्या शाळेने संलग्नता मिळवली ती पुण्याच्या महिला विद्यापीठाची, म्हणजे कर्व्यांच्याच विद्यापीठाची. सभागृहातल्या त्या प्रसंगाची भरपाई याहून चांगली झाली नसती.

खेड्यातली खरी कसोटी लागली ती हिप्परग्याला. उस्मानाबाद जिल्ह्यातले (आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातले) हे लहानसे गाव. रेल्वे दूर, बाजारपेठ नाही, आश्रय देणारा सरदार नाही. लोकमान्यांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या विचाराने भारलेल्या व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी 1921 साली इथे राष्ट्रीय शाळा काढली. सरकारी अनुदान घेतले की सरकारी अभ्यासक्रम आणि सरकारी भाषा घ्यावी लागते, म्हणून अनुदान नको, असा या शाळेचा बाणा होता. हा बाणा पुण्यात किंवा हैदराबादेत पेलणे एक वेळ सोपे, कारण तिथे वकील, डॉक्टर, व्यापारी यांचा वर्ग हाताशी असतो. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या गावाने तो पेलणे म्हणजे दर पावसाळ्याला शाळेचे भवितव्य नव्याने ठरणे. पीक आले तर देणगी, नाही आले तर शिक्षकांनी कळ काढायची.

कळ काढणारे शिक्षक मिळाले, हेच या शाळेचे भांडवल. त्यांपैकी एक व्यंकटेश भवानराव खेडगीकर. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे काम केलेला हा तरुण हिप्परग्याला शिक्षक म्हणून आला, मुख्याध्यापक झाला आणि याच काळात संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखला जाऊ लागला. बाबासाहेब परांजपे त्यांचे सहकारी. ज्या मुख्याध्यापकाला संसार नाही आणि ज्याच्या गरजा दोन वेळच्या जेवणापलीकडे नाहीत, त्याच्या पगाराची चिंता संस्थेला करावी लागत नाही. पण संन्यासी मुख्याध्यापकाच्या भरवशावर जिल्ह्याचे शिक्षण चालत नाही, हेही तितकेच खरे. या माणसांच्या त्यागाचे आपण कौतुक करतो, तेव्हा सार्वजनिक पैशाने जे करायला हवे होते ते एका माणसाच्या आयुष्याने भागवले गेले, याचा विसर पडू नये.

दरम्यान 1924 साली खाजगी शाळांविषयी सरकारने नियम केले. पूर्वपरवानगीशिवाय शाळा उघडता येणार नाही, असा त्यांचा आशय होता. देवळाच्या ओसरीवर दहा मुले गोळा करून बसणारे पंतोजीही त्या कक्षेत आले. अर्ज करायचा, मंजुरीची वाट पाहायची, तोवर शिकवायचे नाही. या चक्रात गावोगावच्या अनेक छोट्या शाळा बंद पडल्या. ज्या टिकल्या त्यांच्यामागे कज्जे लढू शकणारे वकील होते. केशवराव कोरटकरांसारख्या माणसांचे मोल या काळात अधिक जाणवते. 1932 साली केशवरावांचे निधन झाले.

1935 साली रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे हिप्परगा सोडून बीड जिल्ह्यातल्या मोमिनाबादेला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले. योगेश्वरी नूतन विद्यालय हे पुढचे कार्यक्षेत्र ठरले. अंबाजोगाई हे देवस्थानाचे, मुकुंदराजांच्या समाधीचे आणि तालुक्याच्या बाजारपेठेचे गाव. इथे शाळेला मागे उभा राहणारा समाज अधिक विस्तृत मिळाला. तीनच वर्षांनी, 1938 साली, हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी शाळा सोडून लढ्यात उतरले. त्याच वर्षी वंदे मातरम् गाण्यावरून उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतून आणि महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंहराव त्यांतलेच. राज्याबाहेरच्या समाजाने केलेली ही मदतही शिक्षणाच्या लोकाश्रयातच मोजायला हवी.

1940 साली हैदराबादेत नारायणगुडा भागात केशव मेमोरियल शाळा उभी राहिली. केशवरावांचे चिरंजीव, बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार, यांचा तिच्यामागे पुढाकार होता. वडिलांच्या नावाची ही शाळा केवळ मराठी मुलांसाठी नव्हती, सर्वांसाठी होती. 1921 नंतरच्या पिढीने घेतलेले हे वळण आहे.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे शिक्षणाच्या खर्चाची जबाबदारी प्रथमच लोकांना जबाबदार असलेल्या सरकारवर आली. मराठवाड्यात महाविद्यालये निघू लागली. 1950 साली औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय (पुढचे मिलिंद) सुरू झाले आणि त्याच वर्षी नांदेडमध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज. बाबासाहेब परांजपे 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बीडमधून लोकसभेवर निवडून गेले.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची तीन भाषांनुसार वाटणी झाली. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1958 साली त्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. मराठवाड्यातल्या शाळांना शासकीय वेतन अनुदानाचा आधार आला. विवेक वर्धिनीच्या वाट्याला मात्र वेगळे दिवस आले. जिथून विद्यार्थी आणि वर्गणी दोन्ही येत ते पाचही जिल्हे एका रात्रीत परराज्यात गेले. हैदराबादेत राहिलेला मराठी समाज भाषिक अल्पसंख्य ठरला. वकिली, सरकारी नोकरी यांसाठी शहरात आलेली कित्येक कुटुंबे औरंगाबाद, नांदेड, मुंबईकडे परतली. संस्थेने अशा वेळी शहराकडे तोंड वळवले. कोठीजवळच्या जांबागेत महाविद्यालय उभे राहिले, ते उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न झाले आणि वाणिज्य, विज्ञान, कला या शाखांत शहरातल्या सर्व भाषांची मुले येऊ लागली.

गेल्या काही दशकांत अनुदानाचा तो आधारही पातळ झाला आहे. महाराष्ट्रात ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचे धोरण आले; त्यातला ‘कायम’ हा शब्द 2009 साली काढला गेला तरी अनुदानाची वाट पाहत अल्प पगारावर शिकवणाऱ्या शिक्षकांची पिढी मराठवाड्यातही आहे. इमारतीची डागडुजी, प्रयोगशाळा, संगणक यांसाठी जुन्या संस्था आज पुन्हा माजी विद्यार्थ्यांकडे जातात. फरक इतकाच की हाली-कलदारचा भाव आता नाही. परदेशी गेलेला माजी विद्यार्थी देणगी थेट बँकेत भरतो आणि गावातला शेतकरी पूर्वीसारखाच पीक पाहून.

शंभरी ओलांडलेली विवेक वर्धिनी 2014 पासून तेलंगण राज्यात काम करते आहे. तिच्या महाविद्यालयात आज तेलुगू, हिंदी आणि उर्दू बोलणारी मुले मराठी मुलांच्या शेजारी बसून शिकतात. औरंगाबादचे सरस्वती भुवन, गुलबर्ग्याचे नूतन आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या सहोदर संस्था आता दोन वेगळ्या राज्यांत आहेत. त्यांचे अभ्यासक्रम वेगळे, परीक्षा मंडळे वेगळी, अनुदानाचे नियम वेगळे.