मधला मुलूख

आमचा एक भाचा परदेशी नोकरीस आहे. गेल्या वर्षी तीन आठवड्यांची रजा काढून आणि पाठीवर एक पिशवी टाकून तो ग्वाटेमालापासून पनामापर्यंत खुष्कीच्या मार्गाने जाऊन आला. मध्य अमेरिका म्हणजे दोन महासागरांमधील चिंचोळी पट्टी. बसगाड्या बदलीत बदलीत त्याने तेथील सहा देश ओलांडले. क्वेत्झाल, लेम्पिरा, कोर्दोबा, कोलोन अशी नाना नाणी त्याच्या खिशातून गेली, सरहद्दीच्या चौक्यांवर त्याला रांगा लावाव्या लागल्या, आणि रजा तुटपुंजी असल्यामुळे पुष्कळ गावांचे दर्शन खिडकीतूनच घ्यावे लागले. परतीच्या वाटेवर तो दिल्लीस आमच्याकडे उतरला असता हे सारे वर्णन करून त्याने विचारले, ‘‘मामा, तुमची तर सारी नोकरी दिल्लीत गेली. दिल्ली आणि पुणे यांच्या मधला मुलूख तुम्ही चांगला पाहिला असेल, नाही?’’

आम्ही सहज ‘हो’ म्हणून गेलो आणि मग ओशाळलो. कारण वर्षातून एकदा, क्वचित दोनदा, आम्ही तो मुलूख ओलांडला हे खरे. पण ओलांडला तो बहुधा झोपेत. संध्याकाळी निजामुद्दीनला गाडीत बसावे, मथुरेच्या आसपास डबे उघडून जेवावे आणि पांघरूण ओढावे. चंबळ केव्हा गेली, नर्मदा केव्हा आली, याची दाद नसते. अलीकडे विमानाने तर ते दीड हजार किलोमीटर दोन तासांवर आणून ठेवले आहेत. रजा मोजकी, घरी म्हातारी माणसे वाट पाहत असलेली. मधल्या मुलखासाठी दिवस कोणी खर्चावा?

तथापि इतिहास पाहू गेल्यास दिल्लीत ‘पोस्टिंग’वर आलेली मराठी माणसे ही काही आजची गोष्ट नव्हे. पेशव्यांचे वकील म्हणून नाशिकचे हिंगणे घराणे अठराव्या शतकात दिल्लीस राहत होते. दरबारातील बातम्या, पैशाची ओढ, बादशहाचे रुसवे आणि वजिरांचे डाव हे सारे त्यांच्या पत्रांतून पुण्यास जात असे. ती पत्रे पुढे ‘हिंगणे दप्तर’ म्हणून प्रसिद्ध झाली. १७७२ साली शाहआलम बादशहा मराठ्यांच्या बळावर दिल्लीच्या तख्तावर परत बसला आणि १७८४ साली महादजी शिंद्यांस ‘वकील-इ-मुतलक’ हे पद मिळाले. हा अधिकार संपला तो ११ सप्टेंबर १८०३ रोजी, यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत. आज जेथे आपल्यापैकी कित्येकांची सहकारी गृहसंस्थांतील घरे आहेत, त्याच परिसरात शिंद्यांची फौज जनरल लेककडून पराभूत झाली.

या सर्व काळात दिल्ली आणि दक्षिण यांना जोडणारा दुवा एकच होता, आणि तो म्हणजे मधला मुलूख. त्या वाटेने फौजा गेल्या, जासूद गेले, हुंड्या गेल्या. आणि जाता जाता मराठी माणसे वाटेवरच वसली. ग्वाल्हेरीस शिंदे, इंदुरास होळकर, धार-देवासला पवार, झाशीस नेवाळकर; आणि प्रत्येकाच्या आश्रयाने कारकून, शास्त्री, वैद्य, गवई आणि शिलेदार यांची शेकडो बिऱ्हाडे. इंग्रजी अमदानीत ‘सेंट्रल इंडिया एजन्सी’ या नावाखाली लहानमोठी शंभराहून अधिक संस्थाने मोडत. आमच्या भाच्याने सहा देश ओलांडले म्हणून आम्हांस कौतुक वाटले. परंतु आग्र्याहून मुंबईच्या रस्त्याने निघालेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या वाटसरूला धोलपूर, ग्वाल्हेर, देवास, इंदूर अशी राज्ये एकामागून एक लागत, आणि त्यांत पुन्हा देवासची दोन!

या मुलखातून पायी गेलेल्या एका मराठी प्रवाशाचा वृत्तांत आपणा सर्वांस नावाने तरी परिचित आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपले चुलते रामभट यांच्यासह उत्तरेस निघाले. हेतू साधा होता. घरावर कर्ज होते, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची वार्ता होती. तेथे दक्षिणा मिळवावी आणि परतावे, एवढाच बेत. पण सातपुडा ओलांडून ते महूकडे येतात तो शिपायांचे बंड त्यांच्या वाटेवर उभे! १ जुलै १८५७ रोजी महूची छावणी उठली. मथुरा बाजूलाच राहिली. उज्जैन, धार, ग्वाल्हेर करीत ते झाशीस पोहोचले आणि १८५८ च्या वसंतात सर ह्यू रोजने शहरास वेढा घातला तेव्हा आतच अडकले. झाशी पडली, लूट झाली, जवळची पुंजी गेली. पुढे काल्पीच्या वाटेवर राणी लक्ष्मीबाई तहानलेल्या भेटल्या, तो विहिरीवरील प्रसंग वाचून ज्याचे मन हलले नाही असा वाचक विरळा. सुमारे अडीच वर्षांनी हे भटजी घरी आले ते दक्षिणा घेऊन नव्हे. गंगेची कावड तेवढी खांद्यावर होती. तिच्या पाण्याने त्यांनी आईवडिलांस स्नान घातले.

या प्रवासात आम्हांस विशेष वाटते ते हे, की सरहद्दीमागून सरहद्द ओलांडताना या निर्धन भिक्षुकाजवळ परवाना असा काहीच नव्हता. त्याच्याजवळ होते वेदपठण, आणि दर मुक्कामी ‘आपण कोठले? आडनाव काय?’ असे मराठीत विचारणारे कोणी ना कोणी भेटेल हा भरवसा. राज्याराज्यांची नाणी निराळी. सराफ बट्टा कापून घेई. पण ओळखीला बट्टा नव्हता. धारच्या दानधर्मात, झाशीच्या वाड्यात, ग्वाल्हेरच्या शास्त्रीमंडळीत त्यांना एकच भाषा सापडत गेली. मुलूख परका होता, पण वाटेवरची घरे परकी नव्हती.

हा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला तो चिंतामण विनायक वैद्य यांनी, १९०७ साली. वैद्य हे काही काळ ग्वाल्हेर संस्थानचे मुख्य न्यायाधीश होते. म्हणजे घर सोडून चाकरीवर गेलेले आपल्यासारखेच एक अधिकारी. त्यांनी भटजींच्या भाषेवर बराच हात फिरविला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली, तेव्हा भटजींचा स्वतःचा आवाज वाचकांस ऐकू आला.

भाच्याच्या प्रश्नाची टोचणी मनात होतीच. म्हणून यंदा आम्ही बारा दिवसांची अर्जित रजा टाकून, आरक्षण न करता, मिळेल त्या बसने दिल्लीहून खाली निघालो. आग्र्याहून ग्वाल्हेर सव्वाशे किलोमीटरच्या आत. तेवढ्यात उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य प्रदेश अशा तीन राज्यांच्या पाट्या लागतात. जुन्या राज्यांच्या सीमा पुसल्या, तरी त्यांची वळणे नकाशावर राहिली आहेत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले ‘लष्कर’ हे शहर आजही ते नाव सांभाळून आहे. फुलबागेजवळ राणीची समाधी पाहिली. शिवपुरीस, जेथे १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोप्यांस फाशी दिले, तेथे थांबलो. येवल्याच्या या माणसाचा शेवट घरापासून किती दूर झाला, हे अंतर बसने कापल्यावाचून कळत नाही. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती असे एकाच गावात दोन दरबार नांदत. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होता आणि त्या दिवसांवर त्याने १९५३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. पण आमच्या दृष्टीने देवास ते कुमार गंधर्वांचे. बेळगावकडचा हा गायक १९४८ साली प्रकृतीसाठी येथे आला, आणि माळव्याची लोकगीते ऐकत ऐकत येथलाच झाला.

महूस आम्ही मुद्दाम एक दिवस अधिक काढला. १४ एप्रिल १८९१ रोजी याच छावणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ कोकणातले, पलटणीच्या नोकरीमुळे येथे आलेले. बदलीच्या गावी जन्मलेले मूल पुढे काय होईल हे कोणी सांगावे! त्यानंतर धार, महेश्वरी अहिल्याबाईंचा घाट, आणि शेवटी बिजासनीचा घाट उतरून खानदेश. बारा दिवस पुरले नाहीत. उज्जैन राहिले, काल्पी राहिली, बुऱ्हाणपूर राहिले.

पण या लेखाचे कारण लष्करातील एक संध्याकाळ आहे. ओळखीच्या ओळखीने आम्ही एका जुन्या मराठी घरी गेलो होतो. गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. पाच-सहा पिढ्या तेथेच. चहा झाल्यावर त्यांनी लाल फडक्यात बांधलेले एक बाड पुढे ठेवले. मोडी कागद होते. पणजोबांच्या सनदा असाव्यात असे ते म्हणाले. त्यांना स्वतःला मोडी येत नव्हते. नातू शेजारी बसला होता. तो आमचे मराठी सगळे समजत होता आणि उत्तर मात्र हिंदीत देत होता. ‘‘वाचता का तुम्ही?’’ म्हाताऱ्यांनी आम्हांस विचारले. आम्हांसही मोडी येत नाही. बाड पुन्हा बांधले गेले.

यात दोष कोणाचा? १८२३ साली मध्य अमेरिकेतील पाच प्रांत एका संघात आले, आणि पंधरा-वीस वर्षांत तो संघ फुटून त्यांची निरनिराळी राष्ट्रे झाली. आपल्याकडे नेमके उलट घडले. १९४८ साली ही संस्थाने मिळून मध्य भारत झाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मध्य प्रदेशात विलीन झाला. ते योग्यच झाले. सरहद्दी पुसल्याचे दुःख कोणी मानू नये. परंतु दरबारांबरोबर तेथील मराठीचा राजाश्रय गेला, आणि घरातील आश्रय कमी पडत चालला. संमेलने झाली, १९३५ साली इंदुरास, १९६१ साली ग्वाल्हेरीस, आणि तेथे कुसुमावती देशपांडे या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. आपल्या दिल्लीतही १९५४ आणि २०२५ साली झाली. संमेलन तीन दिवसांत संपते. नातवाशी बोलणे रोजचे असते.

आम्ही ग्वाल्हेरच्या नातवास हसलो नाही, कारण आमच्या घरी स्थिती निराळी नाही. आमची मुले नॉयडात वाढली. आजीशी मराठी, एरवी हिंदी आणि इंग्रजी. आपण बदलीची माणसे, आज ना उद्या परत जाऊ, अशा समजुतीवर आपण भाषा पुढे ढकलतो. लष्करातील त्या घराण्याचा मूळपुरुषही बहुधा अशाच समजुतीने आला असेल.

वाचकांस एवढीच विनंती, की चार वर्षांच्या सवलतीच्या प्रवासातील एखादी फेरी विमानाने न करता या वाटेने करावी. मुलांना बरोबर घ्यावे, वाटेवरच्या एखाद्या मराठी घरी उतरावे, मुलांना बोलू द्यावे. आमच्यापुरते सांगावयाचे तर परत आल्यावर आम्ही मोडीची एक उजळणी मागविली आहे. अक्षर अजून लागत नाही. पण पुढील रजा लष्करात काढावयाची, आणि ते बाड सोडावयाचे, असे ठरविले आहे.