भरल्या पोटाची भूल

पेणकरपाडा दहिसर चेकनाक्याच्या अगदी जवळ. महामार्ग हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी रात्री दुचाकीवाला आपटला, की भूलतज्ज्ञाला पहिली धास्ती वाटते ती त्याच्या पोटातल्या वडापावची. ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी माणसाला उपाशी ठेवता येतं. इथे तेवढी सवड नसते. भूल चढताच घसा राखणीचं काम सोडतो, पोटातलं वर येतं आणि थेट फुप्फुसात उतरतं.

ईथरच्या काळात हा धोका रेंगाळत यायचा, कारण ईथरने झोप लागायलाच कितीतरी मिनिटं लागत. कर्टिस मेंडेल्सनने १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या ४४,०१६ बाळंतपणांचा हिशेब मांडला. त्यांत ६६ जणींच्या श्वासमार्गात पोटातलं गेलं होतं. फुप्फुस जाळतं ते जठरातलं आम्ल, हे त्याने सशांवर प्रयोग करून दाखवलं.

उपाय एकच: झोप आणि श्वासनलिकेतली नळी यांतलं अंतर कमी करायचं. झोपेचं औषध तोवर आलेलं होतं. थायोपेंटोन, १९३४ सालचं. पिवळट भुकटी, ऐन वेळी पाण्यात कालवायची. शिरेतून गेली की अर्ध्या-पाऊण मिनिटात डोळे मिटतात. झोपताझोपता काहींना तोंडात लसणाची चव येई! १९५१ च्या सुमारास जोडीला सक्सामेथोनियम आलं. अंगभर स्नायू थरथरतात, मिनिटभरात ढिले पडतात आणि थोड्याच मिनिटांत पूर्ववत होतात. १९६१ मध्ये ब्रायन सेलिकने गळ्यावरची कूर्चा दाबून अन्ननलिका बंद करण्याची युक्ती सांगितली. १९७० मध्ये स्टेप्ट आणि साफर यांनी हे सगळं एका क्रमात बसवलं.

पण थायोपेंटोनने रक्तदाब कोसळतो, आणि रक्त वाहून गेलेल्या माणसाला ते परवडत नाही. १९८६ मध्ये बाजारात आलेलं दुधासारखं पांढरं प्रोपोफोल झोपवतं छान, पण खोड तीच. तिथे केटामाइन कामी येतं. कॅल्विन स्टीव्हन्सने १९६२ मध्ये बनवलेलं हे औषध दुखणं मारतं आणि रक्तदाब बहुतेकदा सांभाळून घेतं. अगदी निथळून गेलेल्या रुग्णाला मात्र त्याचाही डोस बेतानेच द्यावा लागतो.

त्याची नशाही होते, ही त्याची दुसरी बाजू. भारतात २०१३ च्या अखेरीस ते ‘शेड्यूल एक्स’मध्ये गेलं, म्हणजे कुलूप आणि नोंदवही आली. २०१५ मध्ये चीनने त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध मागितले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने विरोध केला, आणि तो योग्यच होता: गरीब देशांतल्या कित्येक ऑपरेशन थिएटरांत भुलीसाठी हाताशी असतं ते हेच औषध.