घरांतला एक जुना चाकू

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरांतले रुमाल आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. आज मी ज्या साधनाविषयीं चार शब्द बोलणार आहें, तें माझ्या तळहातावर मावतें. तो आहे आमच्या घरांतला एक मिटता चाकू. मूठ सांबरशिंगाची, पातीं दोन, पैकीं मोठें तीन बोटें लांबीचें, आणि लहान माझ्या लहानपणापासून मोडलेलेंच. गेल्या वर्षीं माळ्यावरची पेटी आवरतांना तो पुन्हां हातीं लागला, तेव्हां गंजानें असा जखडला होता कीं नख मोडलें तरी पातें उघडेना.

या चाकूची एक हकीकत आमच्या घरांत सांगितली जाई. १८७६ ते १८७८ हा काळ दख्खनांत मोठ्या दुष्काळाचा गेला. माझे पणजोबा त्या वेळीं सोलापूर जिल्ह्यांत खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर कारकून होते. हजेरीपट चोख ठेवल्याबद्दल एक गोरा साहेब खूष झाला, आणि त्यानें आपल्या खिशांतला चाकू काढून त्यांच्या हातावर ठेवला, अशी ती कथा. मीं अडतीस वर्षें शाळेंत मुलांना शिकविलें आणि दुष्काळाचा धडा आला कीं ही कथा मोठ्या चवीनें सांगितली. खरें बोलावयाचें तर ती सांगतांना मनाला कांहीं तरी टोंचत असे. १८७७ च्या जानेवारींत सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा, एवढी खालीं आणली. मुंबई इलाख्यांत पुष्कळ मजुरांनीं ती नाकारून कामें सोडलीं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेतली. अशा कामावर साहेबाची मर्जी संपादन करणारा हजेरी-कारकून हा कांहीं फारसा मिरविण्यासारखा पूर्वज नव्हे. पण घरची कथा ती घरची कथा!

असो. चाकू दुरुस्त करून नातवंडांच्या हातीं द्यावा असें मनांत आलें. आमच्या आळींत पायानें फिरविण्याचें चाक खांद्यावर घेऊन एक वृद्ध शिकलगार येतो. त्याला तो दाखविला. त्यानें चाकू उजेडांत धरून इकडून तिकडून न्याहाळला आणि म्हणाला, “मास्तर, चाकावर धरला तर घटकेंत आरशासारखा करून देतों. पण बुडाशीं कांहीं लिहिलेलें दिसतंय, तें जाईल. आणि पातें तापलें तर पाणी उतरेल.” पाणी उतरणें म्हणजे काय, हें त्यानें मला समजावून दिलें. पोलाद तापवून बुडविल्यानें त्याला जो कठीणपणा येतो तो चाकाच्या घर्षणाच्या उष्णतेनें निघून जातो. कांठ निळा पडतो, आणि मग तें पातें कितीही घासलें तरी धार धरीत नाहीं. एवढें सांगून त्यानें चाकू माझ्या हातीं परत दिला आणि कात्रीला धार लावण्याचे पैसे घेऊन तो चालता झाला. त्या गृहस्थाचे उपकार मी विसरणार नाहीं. त्यानें माझें ऐकलें असतें, तर आज तुम्हांपुढें बोलण्यास माझ्याजवळ कांहींच उरलें नसतें.

मग घरींच बसलों. शिंगाच्या मुठीला पाण्याचें वावडें असतें. ती फुगते आणि तडकते, म्हणून चाकू पाण्यांत टाकावयाचा नाहीं. सांध्यांत शिलाईच्या यंत्राचें तेल थेंब थेंब सोडलें. तीन दिवस रोज थोडें तेल आणि थोडा जोर, असें करतां करतां चौथ्या दिवशीं लांकडाच्या पातळ फाचरीनें पातें हललें. तांबडा गंज पितळेच्या पट्टीच्या कडेनें हळूहळू खरवडला. पितळ पोलादापेक्षां मऊ, त्यामुळें त्याचे ओरखडे पात्यावर उठत नाहींत. काळा पापुद्रा मात्र तसाच राहूं दिला. तांबडा गंज पातें खातो. काळा थर त्याला उलट थोडाफार आडोसाच होतो. हें जुनें साधें पोलाद लिंबू किंवा कैरी कापली कीं काळवंडतें. न गंजणारें पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यानें तयार केलें तें १९१३ सालीं. त्यापूर्वींच्या सर्वच चाकूसुऱ्यांचीं तोंडें अशीं काळीं होत असत, आणि आपल्या आज्यापणज्या तीं चिंचेनें व राखेनें घांसून उजळीत.

गंज निघतां निघतां पात्याच्या बुडाशीं प्रथम दोन चिन्हें दिसलीं : एक चांदणी, आणि तिच्या शेजारीं बाहेरच्या बाजूस रुंद होत जाणाऱ्या चार हातांचा क्रूस. हीं चिन्हें शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स आणि सन्स या पेढीचीं. १७६४ सालीं तीं त्या घराण्याच्या नांवें दाखल झालीं. आमच्या घरीं चांगल्या चाकूला ‘राजर’च म्हणत, तें एका इंग्रज घराण्याचें आडनांव आहे हें मला पुष्कळ उशिरा कळलें.

हें शेफील्ड इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशायरच्या डोंगरउतारावर वसलेलें. पाणचक्क्या फिरविण्यास ओढेनाले भरपूर, आणि धार लावण्याचा खरबरीत दगड जवळच्या टेकड्यांतला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवीनें आपल्या कथेंतल्या एका गिरणीवाल्याजवळ शेफील्डचाच चाकू दिला आहे. १६२४ सालीं तेथील चाकूकारांचा संघ पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला आणि कोणत्या कारागिराचें चिन्ह कोणतें याची नोंद तो ठेवूं लागला. पुढें १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें घड्याळाच्या कमानी चांगल्या व्हाव्यात या खटपटींत मुशींत पोलाद वितळविण्याची रीति बसविली, आणि शेफील्डच्या पात्यांना जगांत तोड उरली नाहीं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठीं रॉजर्स यांनीं पंचाहत्तर पात्यांचा एक प्रचंड चाकू घडविला. तो खिशांत काय, गाड्यावरही जेमतेम मावला असता. पण प्रदर्शनांत लोक अशाच वस्तूंभोंवतीं जमतात.

त्या लखलखाटामागें एक काळी बाजू होती. पातें ठोकणारा एक, घांसणारा दुसरा आणि मुठींत बसविणारा तिसरा, अशी कामाची वांटणी असे. त्यांतल्या घांसणाऱ्याच्या छातींत दगडाची व पोलादाची धूळ जाई. डॉक्टर नाइट यांचें निरीक्षण एंगल्सनें १८४५ सालीं आपल्या ग्रंथांत उतरून घेतलें आहे : कोरड्या दगडावर घांसणारांचें सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचें, आणि ओल्या दगडावर काम करणारे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडीत. हें वाचल्यापासून चाकूचें पातें बोटानें चांचपतांना मला प्रत्येक वेळीं त्या माणसांची आठवण होते.

या कथेंत आपल्या भूमीचा संबंध नाहीं असें मात्र समजूं नका. १७९४ सालीं मुंबईंतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं हिंदुस्थानांत मुशींत तयार होणाऱ्या ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढच्या वर्षीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यांवर सोसायटीपुढें निबंध वाचला. आणि बँक्स यांच्या इच्छेवरून लंडनच्या स्टोडार्ट नांवाच्या कारागिरानें त्या पोलादाचें काय केलें म्हणाल, तर लेखणी तासण्याचा एक चाकू! पुढें हाच स्टोडार्ट तरुण मायकेल फॅरडेबरोबर पोलादाच्या मिश्रणांचे प्रयोग करीत होता. आमच्या चाकूची मूठ ज्या सांबरशिंगाची, तेंही बहुधा येथलेंच. शेफील्डचे कारखानदार हिंदुस्थानांतून सांबरशिंगें नेत असत. म्हणजे शिंग येथून गेलें, पोलादाला चिकटून परत आलें, आणि जातांयेतांचें दोन्ही वेळचें भाडें त्याच्या किंमतींत चढलें.

आतां अक्षरांकडे वळतों. सातव्या दिवशीं भिंगाखालीं तीं वाचतां आलीं : ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’, म्हणजे राजेसाहेबांचे चाकूकार, आणि त्याखालीं ‘शेफील्ड, इंग्लंड’. मी वाचलें आणि चष्मा काढून ठेवला. १८३७ पासून १९०१ च्या जानेवारीपर्यंत इंग्लंडच्या गादीवर राणी होती. १८७७ च्या चाकूवर ‘हर मॅजेस्टी’ पाहिजे. रॉजर्स हे १८२२ पासून राजघराण्याचे चाकूकार. तेव्हां चाकू १८३७ च्या पूर्वींचा असूं शकेल काय, असाही विचार करून पाहिला. परंतु ‘इंग्लंड’ हा शब्द आड आला. परक्या देशांत शेफील्डचीं नांवें व चिन्हें चोरून माल विकला जाऊं लागला, म्हणून १८८७ सालीं इंग्लंडांत व्यापारी चिन्हांचा कायदा झाला, १८८९ सालीं तसाच हिंदुस्थानांत झाला. आणि अमेरिकेनें १८९० च्या कायद्यानें परदेशी मालावर देशाचें नांव सक्तीचें केलें. तेव्हांपासून चाकूवर देशाचें नांव ठोकण्याचा प्रघात पडला. तात्पर्य, आमचा चाकू १९०१ नंतरचा. दुष्काळांतल्या साहेबाच्या खिशांत तो असणें शक्य नाहीं.

संशय एकदां शिरला म्हणजे स्वस्थ बसवत नाहीं. आजोबांच्या रोजखर्चाच्या मोडी वह्या काढल्या. ते तेव्हां एकवीस वर्षांचे, पुण्यांत एका वकिलाकडे लेखनिक होते. शके १८२८ च्या फाल्गुनांत, म्हणजे १९०७ च्या आरंभीं, ओळ सांपडली : ‘चाकू राजर १’. आणि त्याच पानावर चार ओळी खालीं ‘पैसा फंड’ म्हणून एक पैसा खर्चीं टाकलेला! अंताजी दामोदर काळे यांनीं स्वदेशी धंद्यांच्या भांडवलासाठीं पैसा पैसा गोळा करण्याचा जो उपक्रम चालविला होता, तोच हा. त्यांतूनच १९०८ सालीं तळेगांवचा कांचेचा कारखाना निघाला. १९०५ च्या ऑक्टोबरांत पुण्यांत परदेशी कापडाची होळी झाली, तिला आपण हजर होतों असें आजोबा सांगत. परदेशी साखर त्यांनीं मरेपर्यंत तोंडांत घातली नाहीं. आणि या माणसानें होळीनंतर दीड वर्षांत विलायती चाकू विकत घेतला! कां घेतला, तें मला त्यांच्याच वह्यांवरून उमगतें. त्यांचें मोडी अक्षर मोत्यासारखें. बोरूच्या टोंकाला तो तिरपा छेद एका झटक्यांत द्यावा लागतो. बोथट चाकूनें बोरू चिरफळतो आणि ओळ फुटते. दिवसभर लिहून पोट भरणाऱ्याला तो चाकू म्हणजे चैन नव्हती.

माझ्या आत्या नव्वदी ओलांडून गेल्या आहेत. त्यांना हें सांगावयास मी कचरत होतों. त्यांनीं ऐकून घेतलें आणि खो खो हंसल्या. “अरे, मीं दादांना विचारलें होतें, आजोबांचा चाकू तुम्ही सारखा लपवून कां ठेवतां? तर म्हणाले, साहेबाची वस्तु आहे, चारचौघांत दाखवूं नये. खादीवाला पाहुणा दारांत दिसला कीं चाकू गादीखालीं. बेचाळीस सालीं तर महिनाभर पिठाच्या डब्यांत होता!”

विकत घेतलेल्या विलायती वस्तूचा जाब द्यावा लागतो. वडिलांना बक्षीस मिळालेल्या वस्तूचा द्यावा लागत नाहीं. साहेबाची कथा आजोबांनींच रचली, असें मी शपथेवर सांगूं शकणार नाहीं. पण माझा ग्रह तसा झाला आहे, आणि त्यामुळें ते माझ्या मनांतून रतिभरही उतरले नाहींत. पणजोबांवर मात्र त्या कथेनें अन्याय केला. साहेबाच्या मर्जींतला कारकून हा शिक्का त्यांच्यावर शंभर वर्षें विनाकारण बसला. आणि तो ठळक करण्यांत माझाही हात आहे. ज्या मुलांना मीं ती कथा सांगितली त्यांना आतां कोठें गांठूं? एक जुना विद्यार्थी मंडईंत भेटला, त्याला सारें सांगितलें. तो म्हणाला, “सर, आम्हांला साहेबच बरा वाटला होता.”

मोडक्या लहान पात्याच्या जागीं नवें बसवावें असें पुतण्याचें म्हणणें होतें. तें मीं मानलें नाहीं. मोठ्या पात्याला कुरुंदाच्या दगडावर तेल घालून हातानेंच धार दिली. चाकू आत्यांना दाखविण्यास नेला, तेव्हां त्यांनीं तो उलटासुलटा करून पाहिला, विळी बाजूला सारली आणि ताटांतली कैरी त्यानेंच चिरली. आठ दिवस खपून स्वच्छ केलेलें पातें पाहतां पाहतां काळें झालें. मीं तें कोरड्या फडक्यानें पुसलें आणि तेलाचा एक थेंब लावून चाकू मिटला.