किन्चेम

शर्यतीच्या घोड्याची कारकीर्द म्हणजे चार-दोन हंगामांचा खेळ. एखादा पराभव त्यात कोणालाच चुकत नाही. हंगेरीची किन्चेम ही घोडी मात्र चार हंगामांत ५४ वेळा मैदानात उतरली आणि ५४ही शर्यती जिंकून बाहेर पडली.

तिचा जन्म १७ मार्च १८७४ रोजी किशबेर येथील अश्वशाळेत झाला. लांबट बांध्याची ही तांबूस शिंगी पाहताक्षणी मनात भरावी अशी मुळीच नव्हती. मालक एर्नो ब्लास्कोविच यांनी आपली शिंगरे विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकाने दोन नापसंत केली. त्यांतलीच ही एक. किन्चेम म्हणजे 'माझा ठेवा'. तो ठेवा मालकाच्या पदरी राहिला तो गिऱ्हाइकाच्या कृपेने!

१८७६ साली, दोन वर्षांची असताना, तिने बर्लिनपासून प्रागपर्यंत दहा निरनिराळ्या मैदानांवर दहा शर्यती जिंकल्या. पुढल्या वर्षी सतरा. शिक्षक रॉबर्ट हेस्प इंग्रज, स्वार मायकेल मॅडन हाही इंग्रज; परंतु विजेत्यांच्या यादीत छापले जाई ते हंगेरियन भाषेतले नाव. १८६७ च्या समझोत्याने हंगेरीला स्वतःचे शासन मिळून जेमतेम दहा वर्षे झाली होती. त्या लोकांना या नावाचे केवढे अप्रूप वाटले असेल!

हे सारे साधले ते आगगाडीमुळे. रुळांवरून शेकडो कोस जाऊन लगोलग धावायचे, हे भल्याभल्या जनावरांना मानवत नाही. किन्चेम डब्यात खुशाल आडवी होऊन झोपे. मात्र तिचा मोतद्दार फ्रँकी जवळ हवा, लाडकी मांजर हवी, आणि पाणीही घरचेच हवे. एकदा मांजर हरवली, तेव्हा ती सापडेपर्यंत घोडी जागची हलली नाही, असे सांगतात.

१८७८ चा उन्हाळा हा तिच्या कसोटीचा काळ. ऑगस्टमध्ये तिने इंग्लंडात गुडवुड कप जिंकला, खाडी ओलांडून फ्रान्समध्ये दोव्हिलची मोठी शर्यत मारली, आणि तशीच ती जर्मनीतील बाडेनला पोहोचली. तेथे प्रिन्स जाइल्स या घोड्याने तिला अखेरच्या खांबाशी गाठले. पंचांनी निर्णय दिला : बरोबरी! तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे दोघांना पुन्हा धावावे लागले. एवढ्या प्रवासाने शिणलेली घोडी आता हरणार, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु दुसऱ्या धावेत तिने प्रिन्स जाइल्सला स्पष्ट अंतराने मागे टाकले. ५४ विजयांच्या आकड्यात ही संध्याकाळ दिसत नाही. तिच्यावाचून तो आकडा मात्र पुरा झाला नसता. बाडेनची तीच शर्यत तिने १८७९ मध्ये तिसऱ्यांदा जिंकली.

त्या हंगामानंतर ती धावली नाही. पाच शिंगरे मागे ठेवून ती १७ मार्च १८८७ रोजी, आपल्या तेराव्या वाढदिवशीच, पोटशुळाने मरण पावली. २०१२ साली इंग्लंडची डर्बी जिंकणारा कॅमलॉट हा तिच्याच वंशातला. तिचा सांगाडा बुडापेस्टच्या कृषी-संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.