मरण घरी की दवाखान्यात? हा निर्णय आपल्या हातात कधी होता?

"शेवटचे दिवस माणसाने घरीच काढावेत, हीच आपली संस्कृती," असे सल्ले हल्ली फार ऐकू येतात. आम्ही विचारतो, कोणाची संस्कृती? निवड करायला आधी दोन दारे उघडी असावी लागतात.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. चवदार तळ्यामुळे त्यातले पाणवठे आपल्याला पाठ आहेत. पण त्याच ठरावात सरकारी दवाखानेही होते, हे आपण विसरतो. दवाखाना अस्पृश्यांना खुला करायला ठराव का लागला?

उत्तर बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये दिले आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे, १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापलेले पत्र त्यात आहे. बाळंत झालेली बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला, तेव्हा तो वस्तीबाहेर तपासायला तयार झाला. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह बाहेर आणावे लागले. थर्मामीटर आधी एका मुसलमानाच्या हाती, मग नवऱ्याच्या, मग तिच्याकडे. न्यूमोनिया आहे म्हणून डॉक्टर गेला, तो पुन्हा बघायला आलाच नाही. बाई गेली. तिच्यावर कुठे आणि किती उपचार व्हावेत, हे घरच्यांनी नव्हे, जातीने ठरवले.

चवदार तळ्याचा तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. त्याच जिल्ह्यातल्या कर्जत-खालापुरात आज दवाखान्याचे दार कायद्याने उघडे आहे. पण ठाकर-कातकऱ्यांच्या डोंगरवाड्यांतून त्या दारापर्यंत जायचे कसे? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांनाही पायीच चढावे लागले. आजारी म्हातारी तो डोंगर कशी उतरणार? आधी कर्जत, मग अलिबाग, पनवेल नाहीतर मुंबई. पैसे संपले की घर. याला लोक 'घरच्यांचा निर्णय' म्हणतात. हा निर्णय नव्हे, नाइलाज आहे.

सन्मानाने मरणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सांगितले. अखेरच्या आजारात वेदना कमी करणाऱ्या सेवेसाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. मॉर्फिन सहज मिळावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदाही बदलला.

तरुणांनो, हे ग्रामसभेत मांडा. वाडीवर आणि बौद्धवाड्यात नर्स येते का, तालुक्याला मॉर्फिन मिळते का, हे लेखी विचारा. औषध आणि नर्स घरापर्यंत आली, तरच घरी मरणे ही निवड ठरेल.

जय भीम!