घोंगडी, शेगडी आणि हेमंत ऋतू

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी म्हसोबाची यात्रा भरते. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ही यात्रा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे: गुरांचा बाजार आणि घोंगड्या. या दिवसांत शहापूर-मुरबाडकडे रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी तोच तिसाच्या आसपास चढलेला असतो. मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत एवढी थंडी असते, यावर मुंबईकरांचा सहसा विश्वास बसत नाही.

काही वर्षांपूर्वी त्या भागातील शिक्षकांच्या एका शिबिरात मी गेलो होतो. तेथे एका बाईंनी आपल्या वर्गातला प्रसंग सांगितला. त्यांनी मुलांना विचारले होते, "घोंगडीत तापमापी गुंडाळून रात्रभर ठेवली तर सकाळी पारा चढलेला दिसेल का?" जवळजवळ सर्व मुलांनी हात वर केले. घोंगडी गरम असते, मग पारा चढणारच! बाईंनी प्रयोग करून दाखवला. पारा जेथे होता तेथेच राहिला. तेव्हा एका मुलीने विचारले, "मग बाई, ऊब येते कुठून?"

हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. त्याचे उत्तर मिळायला माणसाला बराच काळ लागला, आणि ज्यांनी ते शोधले त्यांपैकी एकाला त्या उत्तरातून एक अस्वस्थ करणारी गोष्टही दिसली.

उत्तराचा अर्धा भाग बेंजामिन थॉम्प्सन म्हणजेच काउंट रम्फर्ड याच्याकडे जातो. हा अमेरिकेत जन्मलेला गृहस्थ बव्हेरियाच्या इलेक्टरच्या नोकरीत होता आणि सैनिकांच्या कपड्यांची व्यवस्था त्याच्याकडे होती. कोणते कापड अधिक उबदार, हे त्याने अंदाजाने न ठरवता मोजायचे ठरवले. तापमापीभोवती काचेचे आवरण घालून मधल्या जागेत लोकर, कापूस, रेशीम, पिसे, केसाळ कातडे असे निरनिराळे पदार्थ भरायचे, सर्व उपकरण तापवायचे आणि ते निवायला किती वेळ लागतो ते पाहायचे, अशी त्याची साधी रीत होती. त्याच्या ध्यानात आले की पदार्थापेक्षाही त्याच्या तंतूंमध्ये अडकून पडलेली हवा महत्त्वाची आहे. या कामासाठी रॉयल सोसायटीने १७९२ साली त्याला कॉप्ली पदक दिले. सनगराने विणलेली जाडीभरडी घोंगडी गुळगुळीत गिरणीच्या कापडापेक्षा उबदार का, याचे उत्तर या कामात आहे. घोंगडी उष्णता देत नाही, असलेली जाऊ देत नाही.

पण मग असलेली उष्णता आली कोठून?

येथे आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांकडे वळले पाहिजे, कारण त्यांनी हा प्रश्न आपल्या परीने विचारला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय हे दोन्ही ऋतुचर्येला वाहिलेले आहेत. वाग्भटाचा काळ साधारणपणे इसवी सनाचे सातवे शतक मानतात. त्याचे म्हणणे असे, की हेमंतात बाहेरच्या थंडीने शरीरातील अग्नी आत कोंडला जातो आणि त्यामुळे अधिक प्रखर होतो. या अग्नीला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो शरीरालाच खातो. रात्री मोठ्या असल्याने सकाळी लवकर भूक लागते, हे निरीक्षणही त्याने नोंदवले आहे. म्हणून हेमंतात स्निग्ध, गोड, आंबट, खारट असे जड अन्न घ्यावे, अंगाला तेल लावावे, ऊन घ्यावे, लोकरीची वस्त्रे पांघरावी. एक ऋतू संपून दुसरा लागतो तेव्हाचे चौदा दिवस म्हणजे ऋतुसंधी. त्या काळात जुना क्रम हळूहळू सोडून नवा हळूहळू धरावा, एकदम बदल करू नये, असेही तो सांगतो.

यातील 'कोंडलेला अग्नी' शब्दशः घ्यायचा म्हटले तर आज टिकत नाही. पण अन्न हे इंधन आहे आणि थंडीत ते जास्त लागते, हा मुद्दा अचूक आहे. मात्र ही ऋतुचर्या वाचताना एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. वाग्भट ज्याच्यासाठी लिहितो त्याच्या घरी निखाऱ्यांनी तापवलेली तळघरे आहेत, केशर आहे, अगरूचा धूप आहे, मांसरस आणि मद्य आहे. हा सल्ला श्रीमंतांसाठी आहे. दिवाळी अंकांतून आणि आता मोबाईलवरून हिवाळ्यातील आहाराचे जे सल्ले येतात, त्यांतही बदामांची संख्या दिलेली असते; बदाम कोठून आणायचे ते दिलेले नसते.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग पॅरिसमध्ये सापडला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात आंत्वान लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाचा उष्णतामापी तयार केला. हिवाळाच का? कारण भोवतालची हवा उबदार असेल तर बर्फ तिच्यामुळेही वितळतो आणि हिशेब चुकतो. या भांड्यात त्यांनी एक गिनिपिग ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उष्णतेने सुमारे १३ औंस बर्फ वितळला. तेवढ्याच काळात तो प्राणी जितका कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर सोडतो, तितका वायू कोळसा जाळून तयार केला तर किती बर्फ वितळेल? हिशेब आला सुमारे साडेदहा औंस. आकडे तंतोतंत जुळले नाहीत. पण अनुमान काढण्याइतके जवळ होते: श्वसन हे एक मंद ज्वलन आहे. (हे ज्वलन फुप्फुसांत होते असे लाव्हाझिए समजत होता. ते शरीरातील प्रत्येक पेशीत चालते हे पुढे कळले.)

पुढे १७८९-९० च्या सुमारास लाव्हाझिएने आर्मां सेगँ या सहकाऱ्यालाच प्रयोगाचा प्राणी बनवले. तोंडावर मुखवटा चढवून तो किती प्राणवायू घेतो हे मोजले. मादाम लाव्हाझिए यांनी काढलेली या प्रयोगांची चित्रे आजही पाहायला मिळतात. उपाशीपोटी स्वस्थ बसलेला सेगँ उबदार खोलीपेक्षा गार खोलीत सुमारे एक दशांश अधिक प्राणवायू वापरत होता. जेवल्यावर त्याहून अधिक, आणि अंगमेहनत करताना कितीतरी अधिक.

या आकड्यांपाशी लाव्हाझिए थांबला आणि त्याने आपल्या शास्त्रीय निबंधातच एक वेगळा प्रश्न विचारला. श्रमावर जगणारा गरीब माणूस शरीरातले इंधन सर्वांत जास्त जाळतो. घरात स्वस्थ बसणारा श्रीमंत सर्वांत कमी. मग ज्याला कमी हवे त्याच्याकडे विपुल आणि ज्याला जास्त हवे त्याच्याकडे तुटपुंजे, असे का? फ्रेंच राज्यक्रांतीचे ते वर्ष होते. सरकारी करवसुलीच्या ठेकेदारीत भागीदार असल्याबद्दल ८ मे १७९४ रोजी त्याच क्रांतीने लाव्हाझिएचा शिरच्छेद केला. त्याच्या विधवेने पुढे काउंट रम्फर्डशी लग्न केले. घोंगडीची दोन्ही उत्तरे अशी एका घरात नांदली. फार दिवस नाही, कारण दोघांचे पटले नाही.

लाव्हाझिएचा प्रश्न शहापूर-मुरबाडला लावून पाहू. इथले शेत मुख्यतः पावसाच्या भाताचे. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरी. कार्तिक-मार्गशीर्षात भात झोडून घरात येते, शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या घरी थंडी आणि नवे धान्य एकाच वेळी येतात. वाग्भटानेही हेमंतात नवे धान्य खायला सांगितले आहे. इथल्या शेतकऱ्याला ते सांगावे लागत नाही. त्याची टंचाई असते ती पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात.

ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे काय? कातकरी समाजाचे नावच काथ पाडण्याच्या धंद्यावरून पडले. इंग्रजी अमलात जंगलाचे कायदे आले, तो धंदा बसला. मग कोळसा पाडणे आले, तेही संपले. गेली कित्येक दशके या समाजातील अनेक कुटुंबे पावसाळ्यातील निकडीला वीटभट्टीमालकाकडून उचल घेतात आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. हेमंत आणि शिशिर हे दोन्ही ऋतू ती उघड्या माळावर, कच्च्या विटा रचून वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकलेल्या खोपटात काढतात. काम पहाटेच्या अंधारात चिखल तुडवण्यापासून सुरू होते. गारठा, ओले अंग, कष्ट आणि मोजका शिधा: सेगँच्या प्रयोगात प्राणवायू वाढवणाऱ्या बहुतेक गोष्टी येथे आहेत, फक्त पोटभर जेवणाची मोजणी करण्याची सोय नाही.

आता सर्दीविषयी थोडेसे, कारण शिक्षकांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. गारव्याने सर्दी होते का? १८७८ साली पाश्चरने दाखवले की एरवी अँथ्रॅक्सने न मरणारी कोंबडी पाय गार पाण्यात बुडवून ठेवल्यास त्याच रोगाने मरते. वेळीच ऊब दिली तर वाचते. पण दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील सॅलिस्बरी येथील सर्दी संशोधन केंद्रात स्वयंसेवकांना भिजवून गार वाऱ्यात उभे केले, तरी त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. सर्दी विषाणूंनी होते, गारव्याने नव्हे, असे मग पाठ्यपुस्तकांत आले. २०१५ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या श्वासमार्गातील पेशींवर प्रयोग करून दाखवले, की नाकातल्या ३३ अंशांच्या आसपासच्या तापमानाला पेशींचा प्रतिकार मंदावतो आणि सर्दीचा विषाणू अधिक जोमाने वाढतो. तेव्हा आजीचे आणि पाठ्यपुस्तकाचे भांडण अजून पुरते मिटलेले नाही. एवढे मात्र खरे की 'फ्लू हा हिवाळ्याचा रोग' हे युरोपातले वाक्य आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाही. १९१८ ची साथ मुंबईत जूनमध्ये आली आणि तिची भीषण लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात होती. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात ऑगस्टमध्ये गेला. आपल्याकडे पावसाळा हाच फ्लूचा मोठा हंगाम.

थंडी सर्दीला किती कारण, हे राहू द्या. थंडी सरळसरळ जीव घेते तो नवजात अर्भकाचा. आणि ती इंग्लंडची थंडी असावी लागत नाही.

याचे कारण भूमितीत आहे. वस्तू जितकी लहान, तितका तिचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा. दर किलो वजनामागे नवजात बाळाची त्वचा प्रौढाच्या दुपटीहून अधिक असते. त्यात ते ओले जन्मते. अंगावरचे पाणी वाफ होताना दर ग्रॅममागे पाचशेहून अधिक कॅलरी उष्णता घेऊन जाते. त्याला आपल्यासारखे कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेभोवती आणि खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तपकिरी चरबीचा साठा असतो, तो जाळून ते ऊब निर्माण करते. ही चरबी कोनराड गेस्नर याने १५५१ सालीच एका बिळात राहणाऱ्या प्राण्यात पाहिली होती, पण तिचा उपयोग कळायला विसाव्या शतकाचे सहावे-सातवे दशक उजाडले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे हा साठाही अपुरा असतो. म्हणून आपल्याला सुखद वाटणारे पंचवीस अंश तापमान उघड्या, ओल्या अर्भकाला गारठवू शकते. मुरबाडच्या पौषातल्या रात्रीबद्दल बोलायलाच नको.

आपल्या परंपरेत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात. त्यामागचे निरीक्षण बरोबर आहे. पण बंद खोलीतील धूर आणि धुरी बाळाच्या फुप्फुसांना घातक, आणि जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालण्याची रीत तर ऊब देण्याच्या थेट विरुद्ध. पहिली आंघोळ किमान चोवीस तास लांबवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

महाराष्ट्रातच या प्रश्नावर जगाने दखल घ्यावी असे काम झाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले: वजन करणे, ताप आणि गारठा तापमापीने ओळखणे, बाळाला गुंडाळणे, स्तनपान सुरू करून देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे हेरून औषध देणे. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. यात जंतुसंसर्गावरील उपचारांचा वाटा मोठा होता, हे सांगितले पाहिजे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८-७९ पासून रूढ झालेली, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत तर त्याहून सोपी. आईचे अंग सदतीस अंशांवर असते, धूर नाही, खर्च नाही.

२०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर याच धर्तीवर घरी जाऊन बाळ पाहतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळ घरीच जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. भेटी गावाच्या यादीप्रमाणे होतात. भट्टीवर गेलेल्या आईचे नाव तिच्या पाड्याच्या यादीत असते आणि बाळ दुसऱ्या तालुक्यातल्या खोपटात. शिबिरात याच बाईंनी हेही सांगितले होते. त्यांच्या पटावरची काही मुले दिवाळीनंतर दिसत नाहीत, आणि फाल्गुनात चौकशी केली तर घरातल्या नव्या भावंडाची बातमी कधी कळते, कधी कोणी सांगत नाही.

त्यांच्या वर्गासाठी मी एक प्रयोग सुचवला, तो येथे देतो. एक मोठी आणि एक लहान अशा दोन बाटल्या सारख्याच गरम पाण्याने भरा. दर पाच मिनिटांनी तापमान लिहून आलेख काढा. लहान बाटली लवकर निवते. मग तीच लहान बाटली एकदा ओल्या फडक्यात, एकदा कोरड्या घोंगडीत आणि एकदा मोठ्या गरम बाटलीला चिकटवून दोन्ही मिळून घोंगडीत गुंडाळा. सर्व आलेख एकाच कागदावर काढा आणि मुलांना विचारा, यातले बाळ कोणते आणि आई कोणती.